वन्संच्या कार्डावरची खाच

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. तेव्हा सांगलीच्या त्या क्लासात मी शिकायला गेले होते असं कुणी म्हणू नये. शिकायला गेल्या होत्या माझ्या वन्सं. लग्न न झालेल्या मुलीला परगावी एकटं ठेवायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून त्यांच्या सोबतीला मला धाडलं होतं. आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षातली ही गोष्ट.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कराडच्या खालच्या अंगाला. घरचा ऊस, दोन म्हशी, सासू-सासरे. माझे यजमान मिलिटरीत. वन्सं म्हणजे त्यांची धाकटी बहीण. त्या मॅट्रिक पास झाल्या. आमच्या घरात तिथवर पोचलेलं ते पहिलंच माणूस. पेढे वाटून होतात न होतात तोच शेजारच्या गावातून एका फौजी मुलाचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, नाव ठेवायला जागा नाही. वन्संना मात्र एवढ्यात लग्न नको होतं. पण नको म्हणायला काहीतरी कारण लागतं, आणि ते त्यांच्यापाशी नव्हतं.

कारण यजमानांनी पुरवलं. त्यांनी पलटणीतून पत्र लिहिलं की, इकडं आता कार्डाला भोकं पाडून हिशेब ठेवतात, ती भोकं यंत्र वाचतं, आणि हे काम येणाऱ्या माणसाला बाहेर नोकरी मिळते. सांगलीत असा क्लास निघालाय असं कळलं, तर तिला तिथं घाला. पत्र मीच वाचून दाखवलं. मामंजी बराच वेळ तंबाखू मळत बसले, मग म्हणाले, "भोकं पाडायची नोकरी. बरं. हे बघ पोरी, पास झालीस तर दोन वर्सं तुज्या लग्नाचं नाव कोन काढनार न्हाई. नापास झालीस तर तुळशीचं लगीन लागलं की तुजं. हाय कबूल?"

"हाय," वन्सं म्हणाल्या.

"आन् सोबतीला कोन?" आत्याबाईंनी विचारलं. मी आपल्या सासूबाईंना आत्याबाई म्हणते. त्यांनी विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चुलीकडं पाहिलं. त्यालाच होकार धरला गेला.

सांगलीत आम्ही आत्याबाईंच्या बहिणीकडं राहिलो. त्यांची दोन खोल्यांची जागा हळदीच्या पेठेजवळ होती. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं लुगडं चार दिवसांत पिवळसर दिसायला लागायचं. मावशी तोंडानं फटकळ, पण पहिल्या दिवशीच त्यांनी आम्हाला खिडकीजवळची जागा दिली आणि स्वतः दाराशी झोपल्या.

क्लास एका दुकानाच्या माडीवर होता. खरं तर ते ऑफिसच होतं. साखर कारखान्यांचे उसाच्या वजनाचे कागद तिथं यायचे, त्यांची कार्डं बनायची, आणि पेट्या भरून ती कार्डं पुण्याला जायची. तिथं कुठंतरी ते मोठं यंत्र होतं. आमच्यापैकी कुणीच ते पाहिलं नव्हतं. काम वाढल्यामुळं ऑफिसनं मुली शिकवायला घेतल्या होत्या. दिवाळीच्या आधी परीक्षा, आणि पास होणाऱ्याला सर्टिफिकेट.

सुरुवातीला मी दाराजवळच्या बाकावर बसायची. रिकामी कशाला बसतेस म्हणून मावशी पिशवीतून मटकी नाहीतर हुलगे निवडायला द्यायच्या. मांडीवर सूप घेऊन मी खडे काढायची आणि मुलींच्या बोटांकडं बघायची. यंत्र टेबलाएवढं होतं. डावीकडं कागद ठेवायचा, त्यावरचा आकडा बघायचा आणि उजव्या हातानं, खाली न बघता, ती कळ दाबायची. खट् झालं की कार्डाला एक बारीक चौकोनी भोक. कार्ड पोस्टकार्डापेक्षा लांब आणि ताठ होतं. भोकातून पडलेला कागदाचा चुरा डब्यात साठायचा, अगदी तांदळाच्या कणीसारखा. श्रावणात मंगळागौर बसली तेव्हा मावशींच्या शेजारणीनं तो मागून नेला आणि देवीपुढं त्याची रांगोळी घातली. बघायला अख्खी गल्ली लोटली.

पण भोक पाडलं म्हणजे काम संपलं असं नव्हतं. तेच कार्ड दुसऱ्या यंत्रावर जायचं. तिथं दुसऱ्या माणसानं तोच कागद पुन्हा बघून तेच आकडे पुन्हा दाबायचे. हे यंत्र भोक पाडत नसे, नुसतं ताडून बघायचं. आकडा जुळला तर पुढं जायचं. जुळला नाही की लाल दिवा लागायचा आणि कळा अडकायच्या. पुन्हा दाबून बघायला मिळायचं, पण तरीही जुळला नाही तर यंत्र कार्डाच्या वरच्या कडेला, चुकीच्या बरोबर डोक्यावर, एक खाच कापायचं. सगळं कार्ड बरोबर निघालं तर उजव्या कडेला खाच. म्हणजे कापलं जायचं प्रत्येक कार्ड, पण कडेची खाच म्हणजे शाबासकी आणि डोक्यावरची खाच म्हणजे चूक. शिकवणारे सर म्हणायचे, पहिल्याचं काम दुसऱ्यानं बघायचं, पण पहिल्याच्या नजरेनं नाही.

मुलींची संख्या विषम होती. जोड्या लागल्या की एक उरायची, आणि एकदा वन्सं उरल्या. सर माझ्याकडं वळले. "वहिनी, इंग्रजी आकडे येतात का?"

मी नुसती मान हलवली. माझ्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, तिथवर मी गेले नव्हते. पण यजमानांना पत्र घालताना पाकिटावर त्यांचा फौजी नंबर इंग्रजीत लिहावा लागायचा. लग्न झाल्यावर पहिल्या रजेत त्यांनी मला ते आकडे शिकवले होते, आणि साताची काठी जरा वाकडी काढ, नाहीतर पत्र दुसऱ्याच जवानाला जाईल, असं बजावलं होतं. मी ते फार मनावर घेतलं होतं.

"मग बसा तिकडं. नुसते आकडेच आहेत."

सूप बाकावर ठेवून मी यंत्रासमोर बसले. पहिले काही दिवस एक कार्ड तपासायला मला इतका वेळ लागायचा की शेजारच्या मुली तेवढ्यात चहा पिऊन यायच्या. शेवटपर्यंत मी हळूच राहिले. पण बसायला आवडायला लागलं. तिथं कुणाशी बोलावं लागत नसे. कागद, बोट, कळ. माझ्यासारखीला त्याहून बरं काय?

मग वन्संच्या कार्डावर लाल दिवा लागला.

मी कागद पुन्हा बघितला, पुन्हा दाबलं. दिवा तसाच. हात थांबला. आमच्या घरात सुनेनं नणंदेची चूक काढायची नसते. भाजीत मीठ जास्त पडलं तर ते सुनेच्या हातून पडलेलं असतं, आणि नणंदेच्या हातून पडलं असेल तरी ते सुनेच्याच हातून. हे कुणी शिकवत नाही, अंगात भिनलेलं असतं. पण कागदावरचा आकडा समोर होता, आणि तो दाबायचा सोडून दुसरा कुठला दाबावा हे मला सुचेना. मी तिसऱ्यांदा तोच दाबला. यंत्रानं कार्डाचं डोकं कापलं.

वन्संनी कार्ड हातात घेतलं. खाचेवरून बोट फिरवलं. त्या दिवशी आणखी काही कार्डं तशीच निघाली. घरी जाताना त्या माझ्यापुढं चालत होत्या, आणि मावशींनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आज वैनींनी माजी लय कापाकापी केली."

"सुरी आणली व्हतीस का काय गं?" मावशी म्हणाल्या. मी हसले, वन्सं हसल्या नाहीत.

गणपतीला आम्ही गावी गेलो. यष्टीत वन्सं खिडकीशी बसल्या आणि कराड येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. घरी पोचल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं. आत्याबाई भाकरी थापत होत्या. थापणं न थांबवता म्हणाल्या, "आमी तुला सोबतीला धाडली व्हती. नणंदंच्या चुका काडायला न्हाई. त्या काय हितंबी निघाल्या असत्या."

मी पीठ मळत राहिले. बाहेरून मामंजींनी विचारलं, "काय झालं?"

"तुमच्या सुनंनं लेकीचं कार्ड कापलं."

"चुकलं व्हतं का?"

वन्सं चुलीतलं लाकूड पुढं सारायला लागल्या.

"मग कार्ड कापलं, नाक न्हाई कापलं," मामंजी म्हणाले आणि गोठ्याकडं गेले. मला हसू आलं, पण मी पदर तोंडाला लावून ते दाबलं. आत्याबाईंनी ते बघितलं असणार. त्या रात्री मला वाढताना त्यांनी भाकरीवर लोणी ठेवलं नाही.

सांगलीला परत आल्यावर वन्संनी सरांना जोडी बदलून मागितली. त्यांना जतकडची एक मुलगी मिळाली. तिच्या घरची मेंढरं होती, आणि ती कानडीमिश्रित मराठी बोलायची. मला अक्का म्हणायची. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या सुपातले हुलगे निवडून दिले. मला ती आवडायची. सर मला अधूनमधून दुसऱ्या कुणाच्या जोडीला बसवत, नाहीतर मी आपली बाकावर.

आणि वन्संची कार्डं एकदम सुधारली. रोज कडेची खाच. डोक्यावर काही नाही. त्या खुशीत होत्या, गुणगुणत जिना उतरायच्या. मला वाटलं, बरं झालं, माझ्यासमोर बसून त्यांना दडपण येत असेल. पण बाकावरून मला त्या दोघींचा आवाज ऐकू यायचा. तपासायचं यंत्र अडलं की आवाज थांबतो. त्यांचं यंत्र थांबायचं, मग तपासणारी कार्डावर वाकायची, मग एक खट् आणि पुन्हा चालू. भोक कुठं आहे ते बघायचं आणि कागदावर काहीही असो, भोकाप्रमाणं दाबायचं. दिवा विझतो. तू माझं झाक, मी तुझं झाकते. दोघी मनानं चांगल्या. एकमेकींना सांभाळून घेणं एवढंच त्यांना घरी शिकवलेलं होतं, जसं मला शिकवलेलं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला सरांनी सगळ्यांचे गठ्ठे घेतले आणि स्वतः तपासायला बसले. त्या दोघींचे गठ्ठे झाले तेव्हा कार्डांच्या वरच्या कडा शेळीनं कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. सर ओरडणारे नव्हते. त्यांनी गठ्ठा वन्संपुढं ठेवला आणि एक कार्ड वर काढलं.

"तुमच्या घरचा ऊस कारखान्याला जातो ना?"

"व्हय. जातो."

"तुमच्या वडलांनी शेतातून गाडी भरून पाठवली. वजन झालं, कागद इथं आला. तुम्ही एक शून्य कमी मारलं आणि मैत्रिणीनं ते झाकलं. मग त्या गाडीत काय गेलं?"

वन्संनी खाली बघितलं. जतची मुलगी रडायला लागली. सर तिला म्हणाले, "रडू नका, अजून परीक्षा व्हायची आहे," आणि चहा सांगायला उठून गेले.

त्या दिवशी आम्ही दोघी घाटावर गेलो. कृष्णेचं पाणी उतरलं होतं आणि पायऱ्यांवर चिखलाचा थर राहिला होता. वन्सं पायऱ्यांवर बसल्या.

"वैनी, मी नापास व्हनार."

मला माणसाला धीर द्यायला जमत नाही, शब्द वेळेवर येत नाहीत. मी त्यांच्याशेजारी बसले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "उद्यापासनं माज्या जोडीला तुमीच बसा. कापा हवं तेवडं."

"राग येईल."

"येऊ द्या. तुमी कुठं बोलताय मला? यंत्रच बोलतंय."

त्या हसल्या म्हणून मला हिंमत झाली. आत्तापर्यंत चूक यंत्रानं दाखवली होती. मी तोंडानं कधी दाखवली नव्हती. मी नदीकडं बघत म्हणाले, "शून्यं आली की तुम्ही पळता."

"काय?"

"खाचा शून्यांवरच असतात. ओळीनं तीन आली तर तुम्ही दोन मारता, नाहीतर चार. बाकी आकडे नीट असतात."

वन्संनी पायरीवरचा चिखल नखानं खरवडला. मला वाटलं, झालं, आता गावी पुन्हा भाकरी कोरडी. मग त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, त्यात काय बघायचं? शून्यच तर हाय." आणि मग, "पळते मी. खरं हाय."

दुसऱ्या दिवसापासून डाव्या हाताचं बोट कागदावर शून्याखाली ठेवून त्या मारायला लागल्या. वेग पडला. जतची मुलगी म्हणाली, "असं केलं तर संपायचं कवा?" पण तीही दोन दिवसांनी बोट ठेवायला लागली. ती दुसऱ्या एका मुलीजवळ बसायची आता, आणि त्या मुलीला आधीच सांगून टाकलं होतं, "झाकायचं न्हाई हां, माझं नशीब लय खोटं हाय." मी रोज कापत होते. खाचा हळूहळू कमी झाल्या, वेग हळूहळू परत आला. परीक्षा तोंडावर आली तरी एखादी खाच निघायचीच.

परीक्षेला पुण्याहून एक बाई आल्या. केस बारीक कापलेले, साडी कडक इस्त्रीची. चिठ्ठ्या टाकून त्यांनी जोड्या ठरवल्या. आधी प्रत्येकीनं आपला गठ्ठा मारायचा, मग जोडीदारणीचा गठ्ठा तपासायचा. दोन्हीला गुण. मला आत थांबता येणार नव्हतं. मी जिन्यात उभी होते आणि चिठ्ठ्या वाचल्याचं ऐकलं. वन्संच्या जोडीला जतची मुलगी निघाली.

मी पायरीवर बसले. दुकानात गुळाच्या ढेपा उतरत होत्या, हमाल एकमेकांना शिव्या देत होते. वरून भोकं पाडायचा आवाज यायचा, एकसारखा, टपोऱ्या पावसासारखा. मग तो संपला. मग तपासायची यंत्रं चालू झाली, तो आवाज बारीक. मी कान देऊन होते. एक यंत्र थांबलं. खट्. पुन्हा थांबलेलं. खट्. आणि मग तो कापल्याचा आवाज, सुपारी फोडल्यासारखा. कुणी कुणाचं कापलं ते पायरीवरून कसं कळणार? मग दुसरं एक थांबलं, आणि तेही कापून पुढं गेलं. एवढं मात्र मला कळलं की, आज वर कुणी झाकत नव्हतं.

दार उघडलं आणि दोघी बरोबर बाहेर आल्या. जतच्या मुलीचं नाक लाल झालं होतं.

"अक्का, हिनं माझी दोन कापली."

"आन् तिनं माजं एक कापलं," वन्सं म्हणाल्या. "शून्याचं न्हाई. साताचं."

"मी कितींदा बघितलं अक्का, सात नव्हतंच ते. मी काय करू?"

"कोन म्हणतंय काय कर म्हणून? चल, भडंग खाऊ."

आम्ही तिघींनी घाटावर बसून भडंग खाल्लं. जतची मुलगी शेंगदाणे वेचून वेगळे ठेवायची आणि शेवटी एकदम खायची. घरी मेंढरामागं असताना वडील तसं द्यायचे म्हणाली. मी त्या दिवशी खूप बोलले. काय बोलले ते आठवत नाही. वन्सं नंतर मावशींना म्हणाल्या, "आज वैनींचा रेडिओ चालू झाला व्हता."

निकालाच्या दिवशी मामंजी सांगलीला आले. स्थळवाल्यांना उत्तर द्यायचं होतं, ते थांबायला तयार नव्हते. मावशींनी आमची गाठोडी बांधून दाराशी ठेवली होती, कारण क्लास संपला होता आणि पास असो नापास असो, आता घरी जायचं असंच सगळ्यांच्या मनात होतं. मामंजींनी पटका नीट केला आणि आमच्याबरोबर माडी चढले. सरांनी कागद बघून सांगितलं. वन्सं पास होत्या. जतची मुलगी काठावर, पण पास. सर पुढं म्हणाले की, ऑफिसला दोघीही लगेच हव्यात, उसाचा हंगाम सुरू होतोय, कागद येऊन पडलेत.

मामंजी म्हणाले, "लगीच म्हंजी कवा?"

"सोमवारपासून."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मी तिथं काय म्हणून बसायची ते त्यांना ठाऊक होतं, पण मला यंत्रासमोर बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सर म्हणाले, "वहिनींना सर्टिफिकेट देता येत नाही, शिक्षणाची अट आहे. पण हंगामात तपासायला बसल्या तर ऑफिसचं काम अडणार नाही."

मी खाली बघितलं.

मामंजी आमच्याबरोबर मावशींकडं आले. दाराशी येऊन टेकले, मावशींनी दिलेलं पाणी प्यायले. मग म्हणाले, "त्या मानसास्नी सांगतो, दोन वर्सं थांबायचं असलं तर थांबा. न्हाई तर दुसरी बघा." वन्संनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"आन् हिच्यासंगट कोन ऱ्हानार?" मावशींनी विचारलं. "मी म्हातारी हाय, मला रोज जिना चढवत न्हाई."

"वैनी," वन्सं म्हणाल्या. "दुसरं कोन?"

"तुजी आई काय म्हनंल?"

"आईला तुमी सांगा."

मामंजींनी तंबाखूची डबी काढली, पुन्हा ठेवली. "म्हशींचं बघतो मी," ते म्हणाले. "सोडा ती गाठोडी."

मी गाठोडं पुढं ओढलं आणि गाठ सोडायला लागले. मावशींनी ती फार घट्ट मारली होती. वन्सं येऊन समोर बसल्या, आणि दुसऱ्या बाजूनं त्यांनी ओढ धरली.